झोप असलेली चादर

अंजनाकाकू कामरगावच्या आठवडी बाजारात झोपत असत. थकून नव्हे किंवा चक्कर येऊन नव्हे, अगदी ठरवून. जुनी अंथरुणं-पांघरुणं विकणारा रहीमभाई जमिनीवर ताडपत्री पसरून बसे. काकू त्याच्या ढिगातून एक चादर ओढत, ताडपत्रीवरच अंथरत, चपला बाजूला काढत, तोंडावर पदर घेत आणि आडव्या होत. एकीकडे मिरच्यांचे ढीग, दुसरीकडे तुरीच्या भावावरून चाललेली ओरड, मधोमध काकू. थोड्या वेळाने त्या उठत, चादर झटकत आणि निकाल देत.

"ह्याच्यात झोप नाई."

रहीमभाई हात जोडी. "काकू, कापड पाहा, वीण पाहा, काठ पाहा. झोप कायले पाह्यता?"

"कापड घेऊन काय करू रे? मले झोप पाह्यजे."

काकूंचं म्हणणं असं की, लोणच्याच्या बरणीत जसा वास मुरतो तशी चादरीत माणसाची झोप मुरते. कितीही धुवा, ती जात नाही. रहीमभाई सरकारी विश्रामगृहाच्या जुन्या चादरी आणी. एकदम जाड, पांढऱ्याशुभ्र, कोपऱ्यात काळा शिक्का. काकू त्यांना हातही लावत नसत. "साहेब लोक झोपतात का कुठी? ह्याच्यात नुस्तं कूस बदलनं हाये." एखादी चादर पसंत पडण्याची चिन्हं दिसली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे.

"ज्याची व्हती, तो घोरे का?"

बाळांनो, दुलईला खोळ घालताना तुम्हा भावंडांची जी झटापट होते ती तुमच्या आईने मला फोनवर सांगितली. तिला वाटलं, मी हसेन. मला मात्र अंजनाकाकू आठवल्या. तुमच्या पणजीच्या घरात पहिली खोळ शिवली गेली ती त्यांच्या हाताने, आणि आत शिरल्या त्याही त्याच.

मी लग्न होऊन कामरगावला आले तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. तुमचे आजोबा कारंज्याला शाळेत शिकवत आणि रविवारी घरी येत. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. काकूंचं घर आमच्या घराला लागून होतं, मधली भिंत एकच. काकू एकट्या राहत. नवरा गेल्यापासून त्यांना झोप येत नसे. सगळं करून झालं होतं. दुधातून जायफळ, तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने घासणं, कुणा भगताचा दोरा. काही उपयोग झाला नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांची मान कलंडे, आणि अंथरुणावर पडल्या की डोळे टक्क उघडे. एकदा अशाच पेंगताना त्यांचा पदर चुलीत गेला. सासूबाईंनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. "एखांद्या दिवशी ही बाई जळून नाईतं विहिरीत पडून मरते," असं सासूबाई म्हणत, आणि ते त्या थट्टेने म्हणत नव्हत्या.

मामंजींना याची फार काळजी. कारण मामंजी घोरत. साधं घोरणं नव्हे. आधी जातं फिरल्यासारखी घरघर, मग भरली बैलगाडी नाल्यातून चढावी तसा खडखडाट, मग एकदम शांतता. त्या शांततेत घरातलं मांजरसुद्धा मान वर करून थांबे. आणि मग शेवटी एक बारीक शीळ. बिचाऱ्या शेजारणीला आधीच झोप नाही, त्यात आपला आणखी त्रास कशाला, म्हणून मामंजींनी आपली बाज पार मागे, कापसाच्या खोलीत नेली होती. तिथे ते मोकळ्या मनाने घोरत.

त्या हिवाळ्यात माझ्या आईने नागपूरहून रजई पाठवली. जांभळी साटीन, आत पिंजलेला कापूस. देखणी, पण धुण्याची सोय नाही, आणि सासूबाईंच्या केसांना रोज बचकभर तेल. कॉलेजच्या वसतिगृहात आमच्या बाई आपल्या रजईला बटणांची खोळ घालत, ती मी पाहिली होती. मी रजईची मापं घेतली. एकसारख्या दोन चादरी, तीन बाजू शिवायच्या, चौथीला बटणं. एका दुपारचं काम. नवं कापड महाग, म्हणून मी रहीमभाईकडे जायला निघाले आणि वाटेत काकूंनी मला गाठलं.

"कुठी चालली वं सूनबाई?"

मी सांगितलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हंजे सारी रात ते कापड तुह्या अंगावर राह्यन? अन् तू टेप घेऊन चालली? थांब, मी येतो."

रहीमभाईने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मी शिक्क्याच्या दोन एकसारख्या चादरी बाजूला काढल्या. काकूंनी त्या परत ढिगात टाकल्या. मग रहीमभाईनेच, सुटका व्हावी म्हणून, तळातून एक पट्ट्यापट्ट्यांची चादर ओढली.

"काकू, हे एका हलवायाची. असा घोरे, असा घोरे का गल्लीतले कुत्रे भुंकत."

"खरं सांगून राह्यला का?"

"खुदा कसम."

काकू आडव्या झाल्या. बाजार चालत राहिला. एक गिऱ्हाईक त्यांना ओलांडून गेलं. मी टेप हातात धरून उभी होते, आणि ओळखीचं कुणी दिसू नये अशी प्रार्थना करत होते. बऱ्याच वेळाने पदराखालून आवाज आला, "थोडीशी हाये."

दुसरी चादर एका पहिलवानाची निघाली. तीत 'बरी' होती. हलवाई रुंद होता, पहिलवान लांब. एकाचीही मापं दुसऱ्याशी जुळत नव्हती. मी तसं म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "झोप मापानं येते का वं?"

शिवायला बसलो आमच्या पडवीत. मी हातमशीन बाहेर काढलं तशा काकू उसळल्या. "ठेव ते! त्याची खडखड शिवणीत बसते. मंग जलमभर कानात वाजत राह्यते." म्हणून हाताने धावदोरा. शिवताना भांडणाचं, कोर्टाचं, दुखण्याचं बोलायचं नाही, कारण तेही शिवलं जातं. आणि सुई ओवली की दर वेळी एक जांभई द्यायची.

"दे, जांभई दे."

"येत नाही हो, काकू."

"येत नाई? मंग बीए कायले केलं?"

मी खोटी जांभई दिली. ती पाहून काकूंना खरी आली, आणि त्यांची पाहून मला खरी. सासूबाई कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी देऊन आत येत होत्या. त्या दारातच थांबल्या. "बाप्पा! दोघी तोंडं वासून काहून बसल्या? डास गिळून राह्यल्या का?"

हलवायाला बाजूने दुमडलं, पहिलवानाला खालून कापलं, उरलेला तुकडा तिसऱ्याच ठिकाणी जोडला. तीन बाजू झाल्या. आता रजई आत घालायची. मी पाटीवर आकृती काढून काकूंना समजावलं. खोळ उलटी करायची, आत हात घालून रजईची टोकं धरायची आणि सगळं एकदम उलटवायचं. काकूंनी पाटी नीट पाहिली.

"पाटीले पांघरून घालायचं हाये का रजईले?" असं म्हणून त्यांनी रजईची दोन टोकं दोन मुठीत धरली आणि डोकं खाली घालून सरळ खोळीत शिरल्या.

आता बाहेर फक्त त्यांच्या टाचा दिसत होत्या. खोळ पडवीभर हिंडू लागली. खांबाला धडकली, वळली, मांजर पळालं.

"हा कोनता कोपरा वं?"

"डावा."

"माहा डावा का खोळीचा डावा?"

त्या दिवशी मागची खोली कापसाने छतापर्यंत भरली होती, म्हणून मामंजींची बाज पडवीत आली होती. जेवण करून ते केव्हाचे पडले होते. आता त्यांचं जातं सुरू झालं. मग बैलगाडी नाल्यात उतरली. मला ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांना हलवायला उठणार, एवढ्यात माझं खोळीकडे लक्ष गेलं. ती थांबली होती. मग हळूहळू खाली बसली, मग कुशीवर झाली.

"काकू?"

मी तोंडाशी कापड उचलून पाहिलं. काकू जांभळ्या साटीनवर गाल टेकून गाढ झोपल्या होत्या. रजईचं एक टोक अजून मुठीत होतं.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघी तिथेच बसलो. सासूबाई हात हलवून कावळे हाकलत होत्या. दळण न्यायला आलेल्या बाईला त्यांनी दुरूनच परत पाठवलं. दिवेलागण होत आली. आणि मग व्हायचं ते झालं. मामंजी शीळ घालून जागे झाले.

खोळीतून लगेच आवाज आला, "काहून थांबले?"

मामंजी दचकून उठून बसले. "कोन हाये त्याच्यात?"

काकू बाहेर आल्या नाहीत. मामंजींसमोर त्या कधी धड बोलत नसत. त्यामुळे जे बोलल्या ते आतूनच बोलल्या. "आमच्या घरचेही असेच घोरत, भाऊजी. लगन झालं तवा म्या लय कटकट केली. मंग त्याच्याबिगर डोळाच लागे ना. ते गेले, तं लोकाइनं त्याइचं अंथरून-पांघरून शिवेबाहेर नेऊन टाकलं. रीतच हाये, कोनाले काय बोलू? पन कोनी उचललं असंन, इकलं असंन... म्हनून बाजारात पाह्यत राह्यली."

मामंजी बाजेवर पाय सोडून बसून राहिले. "वहिनी, मी तं तुमाले तरास नोको म्हनूनच मागं..." एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी बाजेचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि ती मधल्या भिंतीला लावली. कापूस विकला गेला, मागची खोली रिकामी झाली, पण बाज परत गेली नाही. कुणी विचारलं तर "तिकडे उंदरं लय हाये," असं सांगत. सासूबाईंनी कानात कापूस घालायला सुरुवात केली. घरचाच होता.

खोळ तुम्ही पाहिली आहे. वाकडी, दोन रंगांची, एका कोपऱ्यात रजई अजून पोचलेली नाही. काकूंना ती देऊ केली तर म्हणाल्या, "नोको. हलवाई खोटा होता."

बाजारात झोपणं त्यांनी सोडलं. रहीमभाईला ते इतकं चुकल्यासारखं वाटे की तो आमच्याकडे त्यांची चौकशी करी.

मग रामनवमीला मामंजी पोहरादेवीच्या यात्रेला निघाले. चांगला चार-पाच दिवसांचा मुक्काम होता. दमणीला बैल जुंपलेले, मी बांधाबांध करत होते. सासूबाई आतून आल्या आणि मामंजींच्या अंगावरची, रोजची, मळकी चादर त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे तिकडे देऊन ये," भिंतीकडे मान करून त्या म्हणाल्या. "अन् धुवू नोको."