एका चाकाचे पाच बोल्ट

न सुटणारा बोल्ट अजून जन्माला यायचाय, असं मी अगदी अलीकडेपर्यंत चारचौघांत छाती ठोकून सांगत असे. मंडळी, मी बस दुरुस्तीच्या वर्कशॉपात फोरमन होतो! गंजलेले, झिजलेले, रंगाखाली गाडले गेलेले किती बोल्ट माझ्यासमोर सुटले, त्याची मोजदाद नाही.

आमची ही मात्र म्हणते, "तुमच्यासमोर सुटले, तुमच्या हातून नाही. तुम्ही खिशात हात घालून ओरडत होतात. सोडवत होते दुसरेच."

ओरडायला कसब लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी काय बोलायचं!

तर आमची गाडी. तिचं वय कुणी विचारलं की मी हवामानाच्या गप्पा सुरू करतो. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली, आणि तेव्हापासून ती माझ्यापेक्षा जास्त निवृत्त आहे. घरामागच्या गॅरेजात बसून असते. तिच्या त्या जागेवर हिचा डोळा होता. हिला तिथे शिवणक्लास काढायचा होता. मशीनला तेलपाणी झालं होतं, चार बायका नावं देऊन गेल्या होत्या, पडदा लावायला लोखंडी पाइपसुद्धा आणून ठेवला होता. अडचण एकच, पडद्यामागे गाडी!

शेवटी हिनं निकाल लावला. "रविवारी संध्याकाळी विहीणबाई येताहेत. त्यांना स्टेशनवरून या तुमच्या गाडीतून घरी आणलंत, तर गाडी राहील. नाही आणलंत, तर सोमवारी भंगारवाला येईल."

"त्यात काय! वाजतगाजत आणतो!" मी म्हणालो.

आणि खरं सांगतो, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. म्हणजे आधी खोकलं, मग थुंकलं, मग सुरू झालं. पण झालं! फक्त डाव्या बाजूचं मागचं चाक हवा जाऊन जमिनीला टेकलं होतं. स्टेपनी तयार होती. पाच बोल्टांवरचे पाच नट काढायचे, चाक बदलायचं. हे काय काम झालं?

रविवारी जेवणं उरकून जावईबापू मदतीला आले. त्यांचं काम संगणकावर. स्टेशनवर येणार होत्या त्या त्यांच्याच मातोश्री, त्यामुळे उत्साह दांडगा. मी खिशात हात घातले आणि म्हणालो, "लावा पाना. डावीकडे फिरवा. सुटेल."

जावईबापूंनी जोर लावला. नट हलला नाही. जावईबापूंची पँट मात्र मागून उसवली.

"बाबा, थांबा. व्हिडिओ बघू या," ते म्हणाले. व्हिडिओत एका माणसानं बोल्टावर तेल टाकलं, दोनदा हातोडी मारली आणि हसत हसत नट काढून दाखवला. त्याची नखं हिच्या पुरणयंत्रापेक्षा, नव्हे, डॉक्टरच्या नखांपेक्षा स्वच्छ होती! आम्ही तेल टाकलं. हातोडी मारली. दुसरी हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. हसायचं तेवढं राहून गेलं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे गुरुजी आले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी चाकाभोवती प्रदक्षिणा घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फोरमनसाहेब, ताकद कशाला हवी? तरफ हवी! दांडा जितका लांब, तितका जोर जास्त. एखादा लांब पाइप आहे का?"

पाइप होता. हिच्या पडद्याचा.

ही गॅरेजच्या दारात मशीनमध्ये दोरा ओवत बसली होती. तिनं पाइपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वाकवलात तर बघा," एवढंच म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "अहो, दुसऱ्या बाजूला फिरवून बघा ना. माझ्या मशीनचं चाक भलतीकडे फिरवलं की दोरा तटकन तुटतो."

आम्ही तिघं पोट धरून हसलो. जावईबापू जरा बेतानं हसले, त्यांना रात्री इथेच जेवायचं होतं. मी प्रेमानं समजावलं, "अगं, शिवणयंत्र वेगळं आणि मोटार वेगळी. जगातले सगळे नट डावीकडे फिरवले की सुटतात. शेंबड्या पोराला माहीत असतं."

"असेल बाई," ती म्हणाली, आणि तिनं दातानं दोरा तोडला.

पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला. आता जोर लावायला माणूस हवा. कोपऱ्यावर व्यायामशाळा चालवणारा पैलवान होता, त्याला हाक मारली. तो आला आणि दार अंधारलं. शर्ट काढलाच पाहिजे अशी काही गरज नव्हती, पण त्यानं काढला.

"काका, हळू लावू का पूर्ण?"

"पूर्ण!" मी ओरडलो. इतक्या वर्षांनी ओरडायला मिळालं, गळा कसा मोकळा झाला!

पैलवानानं पूर्ण लावला. गाडी एका अंगावर कलली. आतून काहीतरी किंचाळलं. मग "कडाड्!" असा आवाज झाला आणि पैलवान पाइपासकट गुरुजींच्या अंगावर!

"सुटला! सुटला!" आम्ही नाचायला लागलो. जावईबापूंनी नट उचलला. नटाच्या पोटात बोल्टाचा अर्धा तुकडा होता.

"बाबा, हा सुटला की तुटला?"

"निघाला ना? झालं तर मग!" मी म्हणालो. वर्कशॉपात अहवाल असेच लिहितात.

तुकड्याच्या टोकावर एक अक्षर कोरलेलं होतं. जावईबापूंनी गंज पुसून वाचलं, "एल."

"माप असेल," गुरुजी कपाळ चोळत म्हणाले. "शर्टाला असतं तसं. मोठा बोल्ट आहे."

सगळ्यांना पटलं. पुढचे तीन मोठे बोल्ट आम्ही त्याच पद्धतीनं काढले. कडाड्, कडाड्, कडाड्! प्रत्येक वेळी टाळ्या. पाइपाला आता कोयत्यासारखा बाक आला होता. दारातून मशीनचा आवाज येत होता, आणि तो आवाज दर बोल्टागणिक रागीट होत होता.

पाचव्या बोल्टाला पैलवान थकला. पाना तसाच नटावर होता, पाइप पलीकडच्या बाजूला तिरपा उभा राहिला होता. "काका, दोन मिनिटं टेकतो," असं म्हणून तो बिचारा त्या पाइपावरच टेकला. भलत्या बाजूनं. पाइप हळूहळू खाली गेला. कुर्रर्र करत, लोण्यातून सुरी जावी तसा नट फिरला, आणि सुटला. अख्खा. बोल्ट जागच्या जागी, सरळ, चकचकीत.

दारातलं मशीन थांबलं.

"म्हणजे..." जावईबापू म्हणाले.

"म्हणजे काही नाही," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, उजवीकडे फिरवून सुटणारे. मला वाटलं, फोरमनसाहेबांना माहीत असेल."

"मला माहीत होतंच!" मी म्हणालो. "मला वाटलं, एल म्हणजे लेफ्ट, हे तुम्हाला कळलं असेल!"

हिनं मशीन पुन्हा सुरू केलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पण आता थांबून चालणार नव्हतं. उन्हं उतरली होती. एका बोल्टावर चाक बसवून विहीणबाईंना आणायला जाणं म्हणजे पोरीच्या संसाराशी खेळ. मी डोकं चालवलं. "उजव्या बाजूच्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट काढून इकडे बसवू. तिकडे तीन, इकडे तीन. हळू चालवू."

"वा!" गुरुजी म्हणाले. "आणि आता तर युक्ती कळलीय!"

"कळलीय म्हणजे? चांगली अनुभवानं कळलीय," मी म्हणालो. "जावईबापू, लक्षात ठेवा, उजवीकडे फिरवायचं. जग काही म्हणो, आपण उजवीकडे!"

पैलवानानं वाकडा पाइप अडकवला. मी खिशात हात घातले. छातीत हवा भरली आणि ओरडलो, "पूर्ण!"

कडाड्!

"हा जरा गंजला असेल," मी म्हणालो. "दुसरा घ्या."

कडाड्!

दारातून हिचा आवाज आला, अगदी शांत. "अहो, उलटे आटे डाव्या बाजूला असतात ना? ही उजवी आहे."

पैलवान गपचूप शर्ट घालायला लागला. गुरुजींना एकाएकी घरी पाहुणे येणार असल्याचं आठवलं. आणि नेमका त्याच वेळी जावईबापूंचा फोन वाजला.

"हो आई... निघतोच... म्हणजे काय झालं, की बोल्ट..."

फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "बाळा, मी रिक्षात आहे. तुझ्या सासऱ्यांच्या दारातच पोचते आहे. गाडीचं तू सांगितलंस तेव्हाच मी ठरवलं होतं."

विहीणबाई उतरल्या. गॅरेजात डोकावल्या. जॅकवर लटकलेली गाडी, कोळशाच्या खाणीतून काढल्यासारखा त्यांचा मुलगा, आणि उसवलेल्या पँटवर हातानं झाकण धरून त्यानं वाकून केलेला नमस्कार, हे सगळं त्यांनी पाहिलं. मग हिला म्हणाल्या, "मशीन चालू आहे ना? आधी याची पँट शिवून देऊ."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आमची गल्ली अरुंद आणि उताराची, गाडी ढकलतच न्यावी लागणार. त्यानं डावं चाक पाहिलं, उजवं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, एका बोल्टावर चाक? उतारावर सुटलं तर कुणाच्या स्वयंपाकघरात शिरेल? चाकं धड होतील तेव्हा बोलवा," असं म्हणून निघून गेला.

तर मंडळी, गाडी राहिली! पैज मी हरलो, पण गाडी गॅरेजात राहिली.

शिवणक्लासही तिथेच सुरू झाला. बॉनेटवर कापड बेततात. आरशाला मोजपट्टी लटकते. वाकडा पाइप मात्र हिनं मुद्दाम तसाच लावलाय, त्यामुळे पडदा सगळा मधोमध गोळा होतो आणि आलेली प्रत्येक बाई विचारते, "हा असा कसा हो?" मग ही सांगते. पहिल्यापासून सांगते.

परवा क्लास भरलेला असताना एका बाईंचं मशीन अडकलं. चाक जाम, सुई कापडात. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून काजं करत होतो. यंत्र म्हटल्यावर माझ्यानं राहवेना. उतरलो, बायकांना बाजूला सारलं, म्हटलं, "सरका, हे माझं काम." चाक दोन्ही हातांनी धरलं आणि दिला एक झटका.

तटकन!

कापड बेतत असलेल्या हिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"हात खिशात घाला," ती म्हणाली. "आणि ओरडा हवं तर."