घुबडासाठी व्होडका

ऑर्विल न्युगार्डचं घुबड तिसऱ्यांदा गोठलं. खरं घुबड मजेत होतं. दलदलीतल्या टॅमरॅकच्या झाडाच्या शेंड्यावर बसून ते सावकाश मान फिरवत होतं. गोठलं ते कागदावरचं. उत्तर मिनेसोटाच्या जानेवारीत जलरंगातलं जल कागदापर्यंत पोचेतो पातळ राहिलं तरी नशीब. चेहऱ्याच्या जागी बर्फाची नक्षी उमटली, आणि गाडीच्या उबेत ती वितळून घुबड सांडलेल्या कॉफीसारखं पसरलं.

चर्चच्या नव्या सभागृहात एक भिंत रिकामी होती आणि ऑर्विलला ती हवी होती. बँकेच्या कॅलेंडरवर बदकं काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. लोक कॅलेंडर बघतात ते तारखेसाठी. आपल्या चित्राकडे कुणी कधी मान वर करून पाहिलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. भिंतीची सूत्रं लवर्न टॉर्गर्सनबाईंच्या हाती होती आणि त्यांनी रविवारपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर त्यांच्या जावयाने पकडलेला, पेंढा भरलेला मासा तिथे लागणार होता.

"घरात बसून फोटोवरून काढ की," बायको मार्डेल म्हणाली.

"फोटोवरून काढलेलं घुबड फोटोकडेच बघतं," ऑर्विल म्हणाला.

थंडीत रंगवणाऱ्यांचा यावर एक उपाय आहे. पाण्यात व्होडका घालायची, की ते लवकर गोठत नाही. अडचण एवढीच की मार्डेलचे वडील दारूपायी गेले होते, आणि घरात बाटली येणार नाही असा शब्द ऑर्विलने तिला लग्नाआधी दिला होता. तो त्याने पाळलाही होता. आता तिला 'रंगात घालायला आणली' असं सांगायचं, तर अट्टल दारुडाही याहून बरं कारण शोधील, हे त्याचं त्यालाच कळत होतं. म्हणून तो गुपचूप शेजारच्या गावच्या दुकानात गेला. रांगेत त्याच्या पुढे नेमक्या लवर्नबाई.

"केकसाठी," ब्रँडीची बाटली पोटाशी धरत त्या म्हणाल्या.

"रंगासाठी," ऑर्विल म्हणाला.

"हो का," लवर्नबाई म्हणाल्या. "थंडी मात्र फार पडलीय यंदा."

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. माणूस मेला, आजारी पडला किंवा बाटलीला लागला, की त्याच्या घरी हॉटडिश पोचतं करतात. खिमा, मश्रूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. त्याच संध्याकाळी पहिलं भांडं आलं. "सहज जास्तीचं झालं होतं," असं म्हणत आणणारीने मार्डेलचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्रीजचं दार लागेना.

ऑर्विलने याचा एकच अर्थ काढला. मार्डेलला काहीतरी मोठं दुखणं झालंय, गावाला ठाऊक आहे आणि आपल्यालाच सांगत नाही. तिकडे मार्डेलच्या मनात नेमकं हेच, फक्त माणूस ऑर्विल. त्याने आपणहून भांडी घासायला घेतली, तशी तिची खात्रीच पटली.

"ठेव ते. तू पड जरा," ती म्हणाली.

"मी कशाला पडू? तूच पड."

शेवटी दोघंही भर दुपारी एकमेकांकडे पाठ करून पडली आणि चोरून डोळे पुसू लागली. तेवढ्यात दार वाजलं. लवर्नबाई होत्या, हातात भांडं.

"ऑर्विल, भिंतीचं टेन्शन घेऊ नकोस. आम्ही मासाच लावतो. तू आधी बरा हो."

"मला झालंय काय?"

लवर्नबाईंनी भांड्यावरची फॉइल नीट दाबली. "आमच्या काकांनाही होतं तसं."

"काय होतं ते सरळ बोल, लवर्न," मार्डेल म्हणाली. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही, त्यामुळे लवर्नबाईंची भंबेरी उडाली आणि खरं तेच तोंडातून निघालं. "व्होडका घेताना बघितलं मी त्याला."

ऑर्विलने रंगपेटीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "पाणी गोठू नये म्हणून. रंगात घालायला."

लवर्नबाईंनी दयेने मान हलवली. "काका घोड्याच्या पायाला चोळायला आणायचे."

मार्डेल बाटलीकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. मग तिने बर्फातले बूट पायात चढवले. "चल, घुबड दाखव. लवर्न, तूही ये. गावभर सांगायला कुणीतरी लागेलच."

दलदलीत ऑर्विलने आधी साधं पाणी घेतलं. कुंचल्याचा तिथल्या तिथे खराटा झाला. मग त्याने थर्मासमधून आणलेलं व्होडका घातलेलं पाणी बरणीत ओतलं, आणि करड्या चेहऱ्याची वलयं एकेक करून कागदावर उतरू लागली. बायका आहेत हेही तो विसरला.

"पण यात व्होडका आहे कशावरून?" लवर्नबाईंनी थर्मासच्या झाकणात थोडं ओतून चाखलं. "नीट कळत नाही." त्यांनी पुन्हा चाखलं. चित्र पुरं होईपर्यंत त्यांचं काही समाधान झालं नाही.

"मला आधी सांगायचंस," परतताना मार्डेल म्हणाली.

"तुझा विश्वास बसला असता?"

"नसता बसला," तिने कबूल केलं, आणि त्याचे गारठलेले हात आपल्या कोटाच्या खिशात घातले. ऑर्विलला त्या क्षणी भिंतीचीही पर्वा उरली नाही.

रविवारी घुबड भिंतीवर लागलं. लोकांनी माना वर करून पाहिलं, आणि ऑर्विल हुरळून गेला. त्या भरात लवर्नबाईंनी चर्चच्या बायकांना हिवाळी चित्रकला शिकवण्याचा शब्द त्याच्याकडून काढून घेतला.

पुढच्या शनिवारी दलदलीच्या काठाला घडीच्या खुर्च्या लागल्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर स्वतःचा थर्मास आला. तासाभराने ऑर्विल पाहणी करत फिरला. लवर्नबाईंचे गाल लालबुंद होते, कुंचला कोरडा ठणठणीत होता आणि कागद पांढराशुभ्र.

"काय काढलंय?" त्याने जपून विचारलं.

"बर्फ," लवर्नबाई म्हणाल्या आणि रिकामा थर्मास पुढे केला. "पाणी संपलंय बघ माझं."