बंदुकीला बसवलेला कॉम्प्रेसर

गारवा गल्फ टेक्निकल सर्व्हिसेस या आखातातल्या, एसी दुरुस्तीच्या कंपनीच्या अल कुसैसमधल्या कार्यालयात, रिसेप्शनच्या भिंतीवर, एक ठासणीची बंदूक टांगलेली होती. अकरा वर्षं तिला काहीही झालं नव्हतं. कंपनीच्या दृष्टीने हीच बाब पुढे गंभीर ठरली.

बंदूक खरी नव्हती, आणि अगदी खोटीही म्हणता आली नसती. मालक रणजित जगताप यांनी ती एका प्रदर्शनातून हौसेने आणली होती. इटलीतल्या कारखान्यात घडवलेली, अडीचशे वर्षांपूर्वीच्या चकमकीच्या बंदुकीची हुबेहूब नक्कल. अक्रोडाचा दस्ता, पितळी पट्ट्या, नळीच्या आत पिळाच्या रेघा, घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यासकट आवळलेली गारगोटी. चाप ओढला की घोडा पोलादी झडपेवर आपटायचा आणि चार ठिणग्या उडायच्या. त्यापुढे काही व्हायचं नाही, कारण ती आग आत दारूपर्यंत पोचवणारं भोकच नळीला पाडलेलं नव्हतं. आयातीच्या कागदावर तसं स्वच्छ लिहिलं होतं : शोभेची वस्तू, कार्यरत नाही. त्या एका ओळीच्या बळावर ती देशात आली आणि भिंतीवर चढली.

तिची निगा स्टोअरकीपर पॅट्रिक डाबरे राखायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. माणूस वसईचा, दमट हवेत लोखंडाचं काय होतं ते लहानपणापासून पाहिलेला. शुक्रवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की तो बंदूक खाली उतरवायचा, दोन स्क्रू काढून घोड्याची कळ बाहेर घ्यायचा, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचा आणि रोल्ला बाजारातल्या दुकानातून आणलेल्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्प्रिंगवर सोडायचा. गजाला चिंधी गुंडाळून नळी आतून फिरवून घ्यायचा. एसीच्या कोरड्या हवेने दस्त्याला चिरा पडू नयेत म्हणून वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळायचा. स्टोअरमधून फिल्टर जात, पट्टे जात, मोटारी जात, आणि गेलेली वस्तू पुन्हा कधी त्याच्या हाताला लागत नसे. ही एक दर शुक्रवारी लागायची. तेवढंच.

मग कंपनीला गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हवंसं वाटलं आणि ऑडिटर आले. सभ्य गृहस्थ होते. दोन कप करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा चहा घेऊन झाल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

“याचा ॲसेट नंबर काय?”

क्वालिटी मॅनेजर सत्यजित पाठारे याने कधी कुणाला ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलं नव्हतं. तो म्हणाला, “प्रोसेसमध्ये आहे.”

त्याच दुपारी बंदुकीला नंबर मिळाला : शून्य चारशे सतरा. नंबर मिळाल्यावर वर्ग निवडणं आलं. सिस्टीममध्ये पर्याय दोन होते, फर्निचर आणि यंत्रसामग्री. ज्याचा एकही भाग हलत नाही ते फर्निचर. बंदुकीचा घोडा हलत होता, चाप हलत होता, झडप हलत होती. सत्यजितने तिन्ही हलवून पाहिले, फोटो काढले आणि यंत्रसामग्रीवर टिचकी मारली. यंत्र म्हटलं की देखभालीचं वेळापत्रक आलं, आणि देखभाल म्हटली की ती करणारा प्रमाणित माणूस आला.

“मी करतोच की, सर,” पॅट्रिक म्हणाला. “अकरा वर्षं झाली.”

“तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का, मिस्टर पॅट्रिक?”

“कसलं?”

“तेच,” सत्यजित म्हणाला. “कसलं ते माहीत असतं तर तुम्ही ते काढलं नसतंत का?”

शून्य चारशे सतराला अप्रमाणित व्यक्तीने हात लावू नये, असा ईमेल संध्याकाळी सर्वांना गेला. सर्वांपैकी हात लावणारा एकच होता.

बाहेरून माणूस मिळवण्यासाठी तीन कंपन्यांना विचारण्यात आलं. दोघींनी उत्तर दिलं नाही. तिसरी अग्निशामक नळकांडी तपासणारी होती. बंदूक हीसुद्धा आगीशीच संबंधित वस्तू असल्याने तिने काम घेतलं आणि पुढे एका उपकंत्राटदाराला दिलं. त्याने आणखी एकाला दिलं. या शेवटच्या उपकंत्राटदाराच्या सुपरवायझरने आपल्या ओळखीच्या, हाताने नीटस काम करणाऱ्या एका माणसाला फोन केला.

“हॅलो, पॅट्रिकभाई? एक छोटा काम है. आपके बाजू में ही है, अल कुसैस में.”

तेव्हा त्या शुक्रवारी पॅट्रिक डाबरे आपल्याच कार्यालयात पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून, गळ्यात ‘कंत्राटदार’ असा बिल्ला अडकवून शिरला. खिळा जमिनीपासून सहा फुटांच्या वर असल्यामुळे ते उंचीवरचं काम ठरलं होतं. म्हणून त्याने हेल्मेट घातलं, कमरेला पट्टा बांधला आणि पट्ट्याचा हुक रिसेप्शनिस्टच्या टेबलाला अडकवला. मग बनियनच्या तुकड्याने कळ पुसली आणि तेलाचा एक थेंब सोडला. फरक एवढाच होता, की या वेळी शेवटी एक फॉर्म होता. बावीस रकाने त्याने भरले. तेविसावा होता : यंत्र चालतं का?

पॅट्रिक प्रामाणिक माणूस. त्याने ‘नाही’ लिहिलं.

घरी बायकोला, कॉन्सेप्टाला, त्याने हे सांगितलं. कॉन्सेप्टा एका हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई, फॉर्म ओळखून होती.

“‘हो’ लिहायचं होतंस,” ती म्हणाली.

“ती चालत नाही, कॉन्सेप्टा.”

“कुणी चालवून बघणार होतं का?”

‘नाही’ या शब्दाबरोबर सिस्टीमने आपणहून बिघाडाची तक्रार उघडली आणि पडद्यावर लाल ठिपका उमटला. दर दोन दिवसांनी तो ठिपका एकेका वरच्या अधिकाऱ्याला ईमेल करू लागला. सत्यजितने कारणमीमांसेची बैठक बोलावली. पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण सापडतं, असं त्याने शिकलेलं होतं.

“बंदूक का चालत नाही?”

“भोक नाही, सर,” पॅट्रिक म्हणाला.

“भोक का नाही?”

“कारण ती नकली आहे.”

“नकली का घेतली?”

“असली भिंतीवर टांगायला परवानगी नाही.”

“का नाही?”

“ती चालते, सर.”

पाचव्या ‘का’ची वाट न बघता सत्यजितने फळ्यावर लिहिलं : मूळ कारण – यंत्र चालू नये म्हणून चालत नाही. त्याने ते दोनदा वाचलं आणि बैठक पुढच्या मंगळवारपर्यंत तहकूब केली. तक्रार रद्द करायची तर बंदूक भंगारात काढावी लागणार होती, आणि भंगारात काढायला जगतापसाहेब तयार नव्हते. तिचं चित्र कंपनीच्या लेटरहेडवर होतं.

इकडे एका चाळीस मजली टॉवरच्या एसी देखभालीचं मोठं काम कंपनीला मिळायच्या बेतात होतं. टॉवरवाल्यांची अट साधी होती : साठ दिवसांपेक्षा जुनी एकही लाल तक्रार चालणार नाही. गारवा गल्फच्या हजारो यंत्रांत लाल ठिपका एकच होता, आणि त्याला बावन्न दिवस झाले होते.

जुलैच्या त्याच आठवड्यात रेहान स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. रेहान कंपनीचा इलेक्ट्रिशियन, पंधरा वर्षांचा जुना, पॅट्रिकचा दोस्त. राहायला कंपनीच्या कामगार कॅम्पवर, चौदा नंबरच्या खोलीत.

“भाई, एसी का कॉम्प्रेसर जल गया है. उन्नीस दिन हो गए. आठ आदमी हैं अंदर.”

“तक्रार टाकली?”

“नंबर ही नहीं है उसका. बिल्डिंग भाड़े की है ना. मालिक बोलता है कंपनी करेगी, कंपनी बोलती है हमारा ॲसेट नहीं.”

पॅट्रिकने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. कॅम्पच्या पानावर एकही लाल ठिपका नव्हता. ज्या वस्तूला नंबर नाही, ती सिस्टीमच्या मते बिघडू शकत नव्हती. चौदा नंबरची खोली गेले एकोणीस दिवस हिरवीगार होती.

“रामचंद्र को कल सलाइन चढ़ाया,” रेहान म्हणाला. “पाइपवाला रामचंद्र. बोलता है इन्शाल्ला ठीक हो जाएगा. ये हमसे सीखा है उसने.”

कॉम्प्रेसर पॅट्रिकच्या पाठीमागे फळीवर होते. दीड टनाचे तीन खोके, दोन वर्षं कुणी हात न लावलेले. पण तक्रारीच्या नंबराशिवाय स्टोअरमधून वॉशरसुद्धा बाहेर पडत नसे. चिठ्ठी छापलीच जात नसे. पॅट्रिकने सत्यजितला फोन लावला. सत्यजितने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मुद्दा जेन्युइन आहे, मिस्टर पॅट्रिक. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये टाका.”

पॅट्रिकने फोन ठेवला. खिडकीत रेहान उभा होता. शर्ट अंगाला चिकटलेला, आणि तो ऑफिसातल्या एसीच्या झोताखाली नुसता उभा राहूनच डोळे मिटत होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पॅट्रिकने कागदावर खोटं कधी लिहिलं नव्हतं. त्याने खुर्ची पडद्याकडे ओढली. मग कंपनीत उघडी असलेली एकुलती एक तक्रार त्याने पडद्यावर आणली, शून्य चारशे सतराची, आणि सुट्या भागाच्या रकान्यात भरलं : कॉम्प्रेसर, दीड टन, नग एक. सिस्टीमने विचारलं, हा भाग बसवल्याने बिघाड दूर झाला का? ‘हो’ म्हटल्याखेरीज चिठ्ठी निघत नव्हती. पॅट्रिकने ‘हो’ म्हटलं.

लाल ठिपका हिरवा झाला.

पाच वाजता चौदा नंबरच्या खोलीत गार हवा सुटली. त्याआधीच, चार वाजता, सत्यजितचा अभिनंदनाचा ईमेल सर्वांना गेला होता. ऑगस्टमध्ये टॉवरचा करार झाला. कापलेल्या केकवर साखरेची बंदूक होती.

ऑगस्टच्या शेवटी तेच सभ्य ऑडिटर पुन्हा आले. त्यांनी शून्य चारशे सतराची फाइल मन लावून वाचली. बंदुकीला कॉम्प्रेसर कसा बसला, हे त्यांनी विचारलं नाही. तो त्यांच्या कक्षेतला प्रश्न नव्हता. नोंद पूर्ण होती, तारखा जुळत होत्या. फक्त शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“यंत्र कार्यरत,” त्यांनी वाचलं. “उत्तम. मग परवाना दाखवा.”

“कसला?” सत्यजितने विचारलं.

“कार्यरत बंदुकीचा.”

रिसेप्शनमध्ये फक्त एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. एसी नवा होता, त्याला आवाज फारसा नव्हता.

तासाभरात पॅट्रिकला जगतापसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावण्यात आलं. त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. जगतापसाहेबांनी पेपरवेट फिरवला. माणूस वाईट नव्हता. पॅट्रिकच्या मुलीच्या लग्नाला ते वसईला जाऊन आले होते.

“म्हणजे कागदावर,” ते म्हणाले, “एक तर आपल्याकडे चालती बंदूक आहे, नाहीतर आपल्याकडे चोर आहे.”

“चोर सोपा पडेल, सर,” सत्यजित म्हणाला. “त्याचा फॉर्म आहे.”

“तक्रार पुन्हा उघडता नाही येणार?”

“टॉवरवाल्यांना लाल दिसेल, सर.”

जगतापसाहेबांनी पॅट्रिककडे पाहायचं टाळलं. पॅट्रिक म्हणाला, “लिहा, साहेब, चोर. माझी हरकत नाही. फक्त तो कॉम्प्रेसर चौदा नंबरला राहू द्या.”

“ते शक्य नाही, मिस्टर पॅट्रिक,” सत्यजित समजावणीच्या सुरात म्हणाला. “माल परत मिळाल्याशिवाय चोरीची नोंद बंद होत नाही. आणि बंद नाही झाली तर ती लाल राहते.”

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर काढून आणायचं काम नियमाप्रमाणे परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला देण्यात आलं. कॅम्पवर तसा एकच होता. रेहानने तो काढला, खांद्यावर घेऊन स्टोअरला आणला आणि खिडकीत ठेवला.

“मेरे ही हाथ से निकलवाया, भाई,” तो म्हणाला.

“तू नाही काढला असतास तर तुझं नाव त्याच फॉर्ममध्ये आलं असतं,” पॅट्रिक म्हणाला. “चांगलं केलंस.”

दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग रेहान परत गेला. त्याला चौदा नंबरमध्ये झोपायचं होतं.

पॅट्रिकला राजीनामा देण्याची संधी देण्यात आली आणि त्याने ती घेतली. त्या संध्याकाळी बॅग भरताना कॉन्सेप्टाने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हातात घेतली, झाकण घट्ट केलं, कपड्यांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाली, “त्या बंदुकीला भोक असतं तर बरं झालं असतं.” ती गंमत करत होती की नाही, ते पॅट्रिकला कळलं नाही.

परत आलेला कॉम्प्रेसर वापरलेला असल्याने स्टोअरला घेता येईना, आणि बंदुकीच्या नावावर असल्याने दुसऱ्या कुणाला देता येईना. तेव्हा त्याला पुसून, नंबर चिकटवून, रिसेप्शनमध्ये बंदुकीच्या बरोबर खाली काचेच्या पेटीत ठेवलं आहे. बंदुकीची देखभाल आता वेळापत्रकाप्रमाणे चालते; बावीसच्या बावीस रकाने दर शुक्रवारी भरले जातात आणि तेविसावा फॉर्ममधून काढून टाकला आहे. नळीवर तांबूस पुटकुळ्या आल्या आहेत. त्या जुनेपणाला शोभतात, असं पाहुण्यांचं मत पडतं.

अल कुसैसला कधी काम निघालं तर जाऊन या. ऑफिस छान आहे, एसी अठरावर असतो, चहा विचारतात. तुम्ही बंदुकीबरोबर फोटो काढाल. सगळेच काढतात, काचेची पेटीही त्यात येते. निघताना दाराशी एका पडद्यावर तीन चेहरे दिसतील, हिरवा, पिवळा आणि लाल, आणि विचारलेलं असेल, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? तुम्ही हिरवा दाबाल. लाल दाबला तर कारण लिहावं लागतं, आणि खाली टॅक्सी उभी असते.