शांतवन जमादारांची झडती

आमच्या शेजारचे शांतवन जमादार बोलता बोलता मधेच उजवा पंजा वर करतात, डोळे मिटतात आणि हळूच म्हणतात, "ठैरो. झडती." मग नुसते ओठ हलतात. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडून "गेला परत" म्हणतात आणि बोलणं तुटलं होतं तिथून पुढं सुरू करतात.

मी हर्सूलला नवा राहायला आलो तेव्हा मला वाटलं, यांना फिट येते. धावत घरातून कांदा आणला, फोडला आणि त्यांच्या नाकाशी धरला. "कांदा कशाला, मास्तर?" जमादार म्हणाले. "तुमच्या नव्या सायकलीचा हेवा वाटाया लागलता. फाटकातून माघारी धाडला."

जमादार चिकलठाण्याला एका कारखान्याच्या फाटकावर होते. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहीनात म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाला फाटक बसवलं, असं मी धरून चाललो होतो. "घराला कुलूप लावता, पेटीला लावता, आन् काळीज सताड उघडं!" ते मला झापत. "कोणबी या, बसा, चहा प्या! आमचं पवित्र शास्त्र काय म्हणतं? आधी काळीज राखा." प्रत्येक विचाराला त्यांचे तीन सवाल: कोण, कुठून आला, कशापायी आला? उत्तर अडखळलं की विचार बाहेर.

दारावरही त्यांनी लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं, 'काळीज राख'. आमच्या बायकोनं ते वाचलं आणि ती हळहळली. "बिचारे! बायको गेल्यापासून काळजाची राख झाली म्हणे," असं म्हणून तिनं दोन दिवस वरणभात पाठवला. जमादारांनी तो चवीनं खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी खुलासा केला, "वैनी, राख म्हंजी सांभाळ." आधी का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "दोन दिस मोह झाला. झडती घ्यायची राहिली."

नळावर कुणाची उणीदुणी निघाली की ते बादली खाली ठेवून ओरडत, "गेटपास दाखवा!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण विषय बदलायच्या. एकदा नाताळच्या सुमारास ते मला चर्चमध्ये घेऊन गेले. पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला होता. तेवढ्यात जमादारांच्या फाटकाशी काहीतरी दांडगं आलं असावं. ते मोठ्यांदा म्हणाले, "बाहेर!" पाळकसाहेब थबकले आणि मागच्या बाकावरची एक बाई रडतं लेकरू घेऊन मुकाट उठून गेली. जमादारांनी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. "विचार कसला होता?" मी नंतर विचारलं. "पाळकसाहेबांच्या टकलाचा," ते म्हणाले.

हे सगळं ठीक. पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून सिल्लोडच्या एसटीत बसे आणि संध्याकाळी तोंड पाडून परते. सिल्लोडला त्यांचं कुणी नातलग नव्हतं. मी किती खोदून विचारलं, पण जमादार हूं की चूं करीनात. माझ्या पोटात कुतूहल मावेना. मग त्यांचा गुडघा सुजला आणि एसटीच्या पायरीवर हात द्यायला माणूस लागला. मी एका पायावर तयार झालो.

फुलंब्री मागं पडल्यावर ते आपण होऊन बोलू लागले.

"रहीमभाई आमच्या कारखान्यात होता. झडतीत त्याच्या खिशात कायतरी जड लागलं. मला वाटलं, मशिनीतला पितळेचा बुश चोरला. इचारलंबी नाय, कानाखाली लगावली. काढून पाहतो तर चुन्याची डबी. त्याचा डावा कान गेला, मास्तर. नोकरी सोडून तो सिल्लोडला गाद्या भराया लागला." त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "त्या दिवशी फाटकावर पहारा होता. काळजावर नव्हता."

"मग माफी नाही मागितली?"

"दर महिन्याला मागतो. बारा वर्षं झाली."

"आणि तो काय म्हणतो?"

"काय बी नाय म्हणत."

बारा वर्षं! मला त्या रहीमभाईचा रागच आला. पण दुकानात पाय ठेवला तर गोल टोपी घातलेला, भुवयांवर कापूस चिकटलेला हा माणूस हसत उठला. "आव आव जमादारसाब!" म्हणत त्यानं स्टूल पुसलं, चहा सांगितला, गुडघ्याची चौकशी केली, माझी ओळख करून घेतली. मला काही उमजेना. मग चहा पिऊन झाल्यावर जमादारांनी आपलं स्टूल सरकवत सरकवत रहीमभाईच्या डाव्या बाजूला नेलं, त्याच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "रहीमभाई, माझी चूक झाली. माफ करा."

रहीमभाई समोर बघत निवांत बसून होता.

"जमादार," मी त्यांचा सदरा ओढला, "अहो, त्या कानात?"

"चांगल्या कानात बोललो," ते कुजबुजले, "आन् तो नाय म्हणाला, तर मी कुठं जाऊ?"

जगातल्या सगळ्या विचारांना दारात अडवणारा हा माणूस एका 'नाही'ला इतका भ्यायला होता.

रहीमभाई माझ्याकडं वळला. "मास्तरसाब, ये हर महिने इधर क्या पढते? मेरेकू लगा, मेरे कान के वास्ते दुआ पढ रैं. इसलिए मैं हलताच नै."

जमादार उठले. सुजलेला गुडघा ओढत, गादीच्या खोळींना धरत धरत ते रहीमभाईच्या उजव्या बाजूला गेले. ते ऐकणं माझं काम नव्हतं, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पण रहीमभाईला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नसावं. त्याचं उत्तर सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"अरे बाबा! दिल में रखता, तो बारा बरस तुमकू चाय पिलाता क्या?"

मी आत डोकावलो. जमादार स्टुलावर बसून लहान पोरासारखे हमसून हमसून रडत होते आणि रहीमभाई हातातल्या पिंजलेल्या कापसानं त्यांचे डोळे पुसत होता.