झिपरीचं पोट आणि मन्मथप्पांचा कान

मन्मथप्पांनी माझ्या फ्रीजला पेचकस लावला तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. शाळेच्या बदलीमुळे मी नांदेडहून अहमदपूरला आले होते, सामान अजून पोत्यातच होतं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे अशा वेशातले एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि नाव-गाव काही न सांगता म्हणाले, "बाई, तुमचं फ्रीज बेजार हाय."

मी म्हटलं, "चांगला चालू आहे की."

"चालायलाय. पर रडत चालायलाय." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वीतभर लांबीचा पेचकस काढला, त्याचं टोक फ्रीजच्या पाठीला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानात रोवली आणि डोळे मिटले. मी घाबरून पदर खोचला. सामानातला झाडू कुठं आहे तेही नजरेनं शोधून ठेवलं.

"सबूर," ते डोळे न उघडताच म्हणाले. मग, "मागचा एक बोल्ट ढिला हाय." बोल्ट त्यांनीच आवळला. सहा वर्षं घरघरणारा माझा फ्रीज त्या दिवसापासून असा गप्प झाला, की तो चालू आहे का हे बघायला मला दार उघडावं लागे.

शेजारच्या घरात राहणारे मन्मथप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून मिस्त्री म्हणून निवृत्त झालेले. इंजिन उघडायच्या आधी ते ऐकायचं, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. निवृत्तीनंतर एसटी सुटली, कान मात्र सुटला नाही. ऐकायला बस राहिली नाही, म्हणून ते गल्ली ऐकू लागले. कुणाच्या बोअरची मोटार कोरडी चाललीय, कुणाच्या मिक्सरचं पातं झिजलंय, हे त्या-त्या घरच्या माणसांच्या आधी त्यांना कळायचं. कुकरच्या शिट्टीवरून ते आत तूर आहे की हरभरा ते सांगत. मठात भजन चालू असताना एकदा मधेच उठून ते पेटीवाल्याला म्हणाले, "तुमची काळी पट्टी हवा गळायली." आमच्या मुख्याध्यापकांचा गुडघा जिना चढताना वाजला, तर अप्पांनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. "सर, ग्रीस संपलंय. वजन कमी भरा."

"खबर आवाजात ऱ्हाती, बाई," ते म्हणत. "मानूस खोटं बोलंल. आवाज न्हाई बोलत."

मला या माणसाचं फार कुतूहल वाटे. एवढं ऐकणारा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द बोलत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि घरात ते एकटेच असतात, इतकंच मला ठाऊक होतं.

माझी कुत्री झिपरी. शाळेच्या मैदानावर सापडलेली, तपकिरी, डोळ्यांवर केस येणारी. तिचं आणि अप्पांचं मुळीच जमत नसे. ती त्यांच्या पेचकसावर भुंके, आणि तिच्या भुंकण्यात त्यांना काही खबर सापडत नसे. "मशीनचं कसं, काहीतरी कारन ऱ्हातंय," ते म्हणायचे. "हिला कारनच न्हाई. नुसतं हॉर्न." तिला हात लावणं तर सोडाच, ती कुंपणाशी आली की ते दोन पावलं मागं सरत.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसले होते. झिपरी पायाशी पडली होती. एकाएकी तिच्या पोटातून आवाज आला. आधी बारीक, कुणीतरी लांबवर हुक्का ओढावा तसा. मग मोठा, बादलीतलं पाणी मोरीत ओतल्यासारखा. झिपरी दचकून उठली, मागं वळून स्वतःच्याच पोटाकडे बघू लागली. तिला वाटलं असावं, आत कुणीतरी आहे.

कुंपणापलीकडून अप्पांचा आवाज आला. "बाई! मोटार बंद करा! पाइपात हवा शिरली!"

"मोटार बंदच आहे, अप्पा. झिपरीचं पोट आहे ते."

अप्पांचं डोकं कुंपणावर उगवलं. माणसाच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ कुतूहल मी पहिलीतल्या पोरांखेरीज कुठं पाहिलं नाही. पुढच्या मिनिटाला ते माझ्या अंगणात होते.

त्यांनी पेचकस पुढं केला. झिपरीनं तो चाटला. त्यांनी तो पुसून परत पुढं केला, तर ती पळून तुळशीमागं जाऊन बसली आणि तिथून तिच्या पोटानं असा काही गडगडाट केला की अप्पांनी पेचकस खिशात ठेवून दिला. मग त्यांनी टोपी काढली, इस्त्रीच्या सदऱ्यासकट जमिनीवर आडवे झाले, सरपटत तुळशीमागं गेले आणि आपला उघडा कान झिपरीच्या पोटाला लावला. मला वाटलं आता ही चावणार. ती चावली नाही. दुखत असलं की जनावराला कळत असावं, कोण कशाला आलंय ते.

"लाईनीत हवा धरली," खालून निदान आलं. "डिझेल गाडीचं असंच व्हतंय. पंप मारायलाय, पर माल पुढं जाईना."

मी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काही खाल्लं असेल, दिवसभर जेवण देऊ नका, हिंग-ओवा असलं घरगुती काही पाजू नका, पाणी ठेवा आणि लक्ष द्या. उलट्या झाल्या किंवा अगदीच मलूल झाली, तर थेट नांदेडला न्या.

'लक्ष द्या' हे शब्द अप्पांनी अक्षरशः घेतले. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी ते कान लावू लागले. "आता बारीक हाय." "आता डावीकडं सरकलं." "हाव, हे मोठं व्हतं!" तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा गाडा आला, भोंग्यावर 'जुनं लोखंड, पत्रा, बॅटरी' चालू. अप्पा जमिनीवरूनच ओरडले, "भोंगा बंद कर! पोट ऐकायलोय!"

भंगारवाल्यानं भोंगा बंद केला आणि स्वतःच आत आला. "कुनाचं पोट, चाचा?"

"ह्या बाईंच्या कुत्रीचं."

त्यानंही वाकून कान लावला. खूप गंभीरपणे ऐकलं. "माझ्या सासऱ्याचं असंच वाजतंय," म्हणाला आणि भोंगा न लावताच गाडा ढकलत निघून गेला.

दुपारी दोनच्या सुमाराला आवाज थांबला. झिपरी सावलीत पडून होती, पोट एकदम शांत. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून मी दहीभात कालवायला घेतला आणि म्हटलं, "झालं बघा अप्पा, उतरलं."

अप्पांनी कान लावला. एक मिनिट, दोन मिनिटं. दुसऱ्या बाजूनं लावला. मग ते उठून बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सकाळचं कुतूहल कुठं गेलं ते कळलं नाही.

"बाई, हे थांबलं न्हाई. बंद पडलंय."

"म्हणजे?"

"चांगल्या पोटात बी थोडं थोडं चालू ऱ्हातंय. कुरकुर, टिकटिक. मी सकाळी माझं ऐकलं, गल्लीतल्या गाईचं बी ऐकून आलो. हिच्यात कायच न्हाई. भिंतीला कान लावल्यावानी."

मी दहीभात झिपरीसमोर ठेवला. तिनं मान वळवली. थोडं पाणी प्यायली आणि तेवढंच ओकली. तिच्या नाकाला हात लावला, तर तिनं डोळेही उघडले नाहीत.

मग मी विचार केला नाही. कोपऱ्यावरची जीप ठरवली. अप्पा मला विचारत बसले नाहीत, मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "द्या इकडं." झिपरी त्यांच्या मांडीवर. पांढऱ्या पायजम्याचं काय झालं ते सांगायला नको. वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत ते एका कानानं तिचं पोट ऐकत होते आणि दुसऱ्यानं जीप. "तिसऱ्यावर ताणू नगा," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडी तुमची हाय का माझी?" एरवी अप्पांनी त्याला गिअरबॉक्सवर अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं असतं. आज त्यांनी नुसता कान परत झिपरीच्या पोटाला लावला. लोह्यानंतर तर ते नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, एक हात झिपरीच्या बरगड्यांवर.

नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. आतड्यात आंब्याची कोय अडकली होती. दोन दिवसांपूर्वी मी आमरस केला होता आणि कोयींची टोपली मोरीशी ठेवली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं.

"सकाळी आतडं जोर लावत होतं, म्हणून आवाज होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग ते दमलं. लोक काय करतात, आवाज बंद झाला की बरं झालं समजून घरी बसतात. चोवीस तासांनी आणतात, तेव्हा आमच्या हातात काही उरत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं आणायला?"

मी अप्पांकडे बोट दाखवलं. ते कौतुकानं फुलतील असं मला वाटलं होतं. ते खाली बघत होते.

ऑपरेशनला तासभर तरी लागणार होता. आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोर रिक्षा येत-जात होत्या, एकीचा सायलेन्सर फुटलेला होता, तो मला सुद्धा कळत होता. अप्पांना तो ऐकू आला नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाई, मला एक लेक हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"उमा. इथंच, अर्धापूरला दिलीय. दिली म्हंजे, मी न्हाई दिली. तिनं तिच्या मनानं केलं. पोरगा चांगला हाय म्हनं, केळीची बाग हाय. आपल्यातला न्हाई." ते थांबले. "आई गेली तवा ती आठ वर्षांची व्हती. मीच वाढवली. वर्कशॉपात घेऊन जायचो, टायरवर बसून अभ्यास करायची. अन् लग्न करून दारात आली तवा मी तिला म्हनलो, ह्या घरात तुझा आवाज नगं."

व्हरांड्यात पंखा फिरत होता.

"पयल्या सालात दर आठवड्याला फोन करायची. मी उचलायचो न्हाई. कधी उचलला तर भांडायची, रडायची, 'अप्पा तुमी काहून असं करायलाव' म्हनून वरडायची. मी ठेवून द्यायचो. मग महिन्याला यायला लागला. मग सणाला. दोन वर्षं झाली, एक फोन न्हाई." त्यांनी पायजम्यावरचा डाग अंगठ्यानं घासला. "मला वाटलं, बरं झालं. रमली असंल. शांत झालं सगळं."

मी माझा फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. पण नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, एकाही ठिकाणी न अडखळता.

दोनदा रिंग वाजून फोन उचलला गेला. मी तो त्यांच्या हातात कोंबला. "हॅलो... हॅलो, कोण?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. अप्पांनी फोन आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्या. मला वाटलं, आता ती ठेवून देणार.

"उमा," ते म्हणाले, "कुत्र्याच्या पोटात कोय अडकली."

त्यांनी फोन कानाला घट्ट धरला.

"आंब्याची. शेजारच्या बाईंचं कुत्रं हाय. झिपरी म्हनत्यात. सकाळपासून पोट वाजायलं व्हतं, तुला सांगतो, कसं, आपल्या जुन्या बसच्या रेडिएटरवानी..." आणि मग ते जे सुरू झाले ते थांबेचनात. हुक्क्याचा आवाज, बादलीचा आवाज, तुळशीमागं सरपटणं, भंगारवाल्याचा सासरा, जीपचा तिसरा गिअर, सगळं. इतक्या वर्षांत लेकीशी धड न बोललेला माणूस तिला एका कुत्रीची आतडी समजावून सांगत होता, डाव्या हातानं हवेत वळणं काढून दाखवत. पलीकडून आधी हुंदका आल्यासारखा वाटला, मग हसू, मग परत हुंदका. एकदा तिनं विचारलं, "डावीकडं का उजवीकडं, अप्पा?" तेव्हा मला कळलं, की टायरवर बसून तिनं नुसता अभ्यास केला नव्हता.

मग तिनं काहीतरी हळू विचारलं. मला ऐकू आलं नाही. अप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

"मी शेजारीण बोलते," मी म्हटलं.

"ताई," ती म्हणाली, "ते जेवलेत का?"

सकाळच्या चहानंतर त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं. मी तसं सांगितलं.

"कुठल्या दवाखान्यात हाव?" मी नाव सांगितलं. "तिथंच ऱ्हावा. मी निघाले."

आतून डॉक्टरीणबाई आल्या. कोय निघाली होती, आतडं शाबूत होतं, झिपरी थोड्या वेळात शुद्धीवर येईल म्हणाल्या. आत येऊन बघा, असंही म्हणाल्या. मी उठले.

"तुमी जा, बाई," अप्पा म्हणाले. त्यांनी डागाळलेला सदरा झटकला, टोपी नीट केली आणि अर्धापूरकडून येणाऱ्या रस्त्याच्या बाजूला जाऊन फाटकाशी उभे राहिले. "मी हितंच थांबतो. तिला दवाखाना सापडायचा न्हाई."