काचेच्या पेटीतली वेगळी चूल

साहेबाच्या बंगल्यावरून निघालेली काचेची पेटी चार हमालांनी गुरुसिद्धप्पाच्या सोप्यात आणून टेकवली, तेव्हा तिच्यातलं निम्मं पाणी वाटेत हमालांच्या धोतरांवर सांडलेलं होतं आणि उरलेल्या पाण्यात दोन मासे एकमेकांच्या मागे धावत होते. खरं सांगायचं तर एकच धावत होता. दुसरी पळत होती.

"हे काय आणलंत?" गिरिजाबाईनं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"साहेबाचे मासे. साहेब विलायतेहून येईपर्यंत सांभाळायचेत."

"मासे? लिंगायताच्या घरात? अहो, लोकं तोंडात शेण घालतील की आपल्या!"

"खायला नाहीत आणले. बघायला आणलेत."

"बघायला माणसानं देवळात जावं," असं म्हणून गिरिजाबाई आत गेली आणि तिनं पातेलं जरा जोरातच आपटलं.

गुरुसिद्धप्पा मिलच्या हापिसात कारकून होता. दिवाळीला जुना हेडक्लार्क घरी बसणार होता आणि त्याच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, एक गुरुसिद्धप्पाचा आणि दुसरा हिंदुरावाचा. हे दोघे कित्येक वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसत आले होते आणि पगाराची तारीख सोडली तर दुसऱ्या कशावरही त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. खिडकी उघडायची की लावायची यावरसुद्धा दोघांचे अर्ज साहेबाकडे गेलेले होते. उन्हाळ्याआधी साहेब रजेवर निघाला, तेव्हा त्यानं आपला कुत्रा हिंदुरावाच्या हवाली केला आणि मासे गुरुसिद्धप्पाच्या.

"बोट से आते वक्त इजिप्त में लिया, पोर्ट सैद में," साहेबानं आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत समजावलं होतं. "नर बहुत गुस्सेवाला है. मादी को मारता. इसको साथी दो, तो गुस्सा बँट जायेगा. लेकिन देखके दो. छोटा दिया, ये मारेगा. बडा दिया, इसको मारेगा. बच्चा तो दो साल में एक नहीं हुआ." मग पाइप पेटवत तो म्हणाला, "जो दो झगडनेवालों को एक कमरे में संभालता, वो पूरा हापिस संभालता."

झालं! हे ऐकल्यापासून गुरुसिद्धप्पाला चैन पडेना. म्हणजे ही परीक्षाच! मासे जगले तर खुर्ची आपली, मेले तर हिंदुरावाची. तो जेवता जेवता पानावरून उठून पेटीपाशी जायचा, अंघोळ अर्धी टाकून ओल्या अंगानं मासे बघून यायचा. साहेबानं खाण्याला गांडुळं सांगितली होती, पण तो शब्द गुरुसिद्धप्पानं घरात उच्चारलासुद्धा नाही. भाकरीचा चुरा आणि शेंगदाण्याचं कूट त्यानं पाण्यात सोडलं आणि ती इजिप्तची मंडळी सोलापूरच्या खाण्याला दोन दिवसांत सरावली. खाण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न स्वभावाचा होता. नराच्या अंगावर हिरवी निळी झाक, कल्ल्यांवर लालसर ठिपके, दिसायला देखणा; पण मादी जरा पुढे आली की हा शेपटी फुलवून निघालाच तिच्या अंगावर.

घरात आणखी एक जण होतं. गुरुसिद्धप्पाची थोरली बहीण शांतम्मा, म्हणजे आक्का. मैंदर्गीला एकुलत्या एका सुनेशी चुलीवरून तंटा झाला, म्हणून चार दिवसांसाठी म्हणून ती भावाकडे आली होती, आणि त्या चार दिवसांत संक्रांत होऊन गेली, शिवरात्र होऊन गेली. गिरिजाबाईच्या चटणीत लसूण कमी, भाकरी जाड, ताक पातळ. सकाळी एकदा जुंपली की संध्याकाळपर्यंत. गुरुसिद्धप्पा हापिसातून हिंदुरावाशी भांडून यायचा आणि घरी येऊन दोघींची भांडणं सोडवायचा.

"तम्मा," आक्का पेटीकडे बघून धाकट्या भावाला म्हणाली, "ह्यो मासा अगदी तुज्या बायकोवानी हाय बघ. दुसऱ्याला टिकू देत न्हाय."

"ऐकलंत ना?" गिरिजाबाई आतून ओरडली. "अहो, ऐकलंत ना?"

गुरुसिद्धप्पानं काहीच ऐकलं नाही. तो नराला सोबती कसा असावा, याचा विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात डोक्यावर छत्री अगदी नाकापर्यंत ओढून तो मासळीबाजारात शिरला. उभ्या जन्मात या बाजूला त्याचं पाऊल पडलं नव्हतं. तात्याबा कोळी हिप्परग्याच्या तळ्यातली मासळी पाटीत घेऊन बसला होता.

"या मालक. कालवनाला देऊ का तळायला?"

"हळू बोला हो! जिवंत पाहिजेत."

"जित्ती?" तात्याबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताजं खानारी मानसं लई बघितली, पन तुमी तर हद्दच क्येली."

"सोबतीला पाहिजेत. स्वभावानं गरीब, पण अगदी भित्रे नकोत. कुणी अंगावर आलं तर उलटून न बोलता बाजूला होणारे."

तात्याबानं डोकं खाजवलं. "माशाचा सोभाव कुनी कवा इचारला न्हाय बगा. आमी वजन बगतो."

शेवटी बोटाएवढे सहा चंदेरी मासे कळशीत घालून गुरुसिद्धप्पा घरी आला. रात्री सगळं ठीक होतं. सकाळी पाहतो तर दोघांच्या शेपट्या तुटलेल्या, दोघे तळाशी उताणे आणि बाकीच्या दोघांचा पत्ताच नाही. गिरिजाबाईनं घरभर विभूती शिंपडली. आपल्या छपराखाली जीवहत्या झाली म्हणून गुरुसिद्धप्पालाही जेवण गेलं नाही. उरलेल्या दोन जखमींना तो विहिरीत सोडून आला.

मग त्यानं कासव आणलं. कासव नराला बोललं नाही आणि नर कासवाला बोलला नाही. पण कासवानं तिघांची भाकरी एकट्यानं खाल्ली आणि पाण्याला असा वास सुटला की शेजारी नाकाला पदर लावून चौकशीला आले. कासवही विहिरीत गेलं.

"मवाळ चालत न्हाय म्हनता?" तात्याबा म्हणाला. "मग करडा घिऊन जावा की. ही मरळ. हिच्या नादाला कुनी लागत न्हाय."

मरळ वीतभरच होती, पण तिला पेटीत सोडल्याबरोबर नर मुकाट्यानं कोपऱ्यात गेला. गुरुसिद्धप्पाला एवढा आनंद झाला की त्या दिवशी हापिसात त्यानं हिंदुरावाला आपणहून खिडकी उघडू दिली. पण मरळ ही उडी मारणारी जात आहे आणि ओल्या जमिनीवर सरपटतसुद्धा जाते, हे सांगायचं तात्याबाला सुचलं नव्हतं. त्याच्या पाटीत तिला तेवढी उसंत कधी मिळतच नसे.

संध्याकाळी आक्का सोप्यात आसनावर बसून, तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून पूजेला लागली होती. तिच्या पायाला काहीतरी गार लागलं. तिनं एक डोळा उघडला.

"अय्यय्यो शिवने! हावु! हावु! साप गं गिरिजा, साप!"

गिरिजाबाई लाटणं घेऊन धावली, तिनंही ते काळं, वळवळतं पाहिलं आणि लाटणं टाकून सरळ बाजेवर चढली. आक्का आधीच तिथं होती. इतके महिने एकमेकींशी भांडत आलेल्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात हात घालून शंख करत असतानाच गुरुसिद्धप्पा हापिसातून आला. त्यानं डोक्याचा रुमाल काढला, मरळीवर टाकला आणि गाठोडं घट्ट धरून बोडक्या डोक्यानं तात्याबाकडे पळत सुटला.

गल्लीच्या तोंडाशीच समोरून हिंदुराव साहेबाचा कुत्रा फिरवत येत होता. कुत्र्यानं गाठोड्यावर झेप घेतली आणि रुमालातून मरळीचं शेपूट बाहेर आलं.

"काय हो अण्णा!" हिंदुराव मोठ्यानं म्हणाला. "मासा झाकायला डोक्यावरचा रुमाल काढला व्हय? अहो, खायचाच होता तर आमच्याकडं यायचं. लाजायचं काय त्यात?"

"हा मासा नाही!" गुरुसिद्धप्पा ओरडला. आता यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी सगळ्या हापिसात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत बातमी झाली. शेजारचे गुरुबसप्पा सूतवाले तर त्याच्या घरचं पाणी नको म्हणाले.

घरी दोघी बाजेवरून उतरल्या होत्या त्या एकमतानं. "पेटी जाईल," गिरिजाबाई म्हणाली. "न्हायतर तू जाशील," आक्कानं पुस्ती जोडली.

"आणि माझी खुर्ची?" गुरुसिद्धप्पा पेटीला दोन्ही हातांनी कवटाळून म्हणाला. "मी हिंदुरावाच्या हाताखाली बसू? त्यापेक्षा मला पेटीतच बुडवा की!"

त्याचा तो अवतार बघून दोघींनाही कसंसंच झालं आणि पेटी राहिली. सोबती मात्र बंद झाले. पावसाळा कसाबसा गेला आणि दसऱ्याच्या सुमाराला मादीनं खाणं सोडलं. तिचा गळा आणि गाल टम्म सुजले. भाकरीचा कण नाकासमोरून गेला तरी ती तोंड उघडेना.

"गालफुगी!" गुरुसिद्धप्पा कपाळावर हात मारून म्हणाला. "साहेब परत यायच्या वेळेला हिला गालफुगी झाली. आता माशाच्या गालाला लेप कसा लावायचा?"

"गप बस," आक्का म्हणाली. ती आज पहिल्यांदाच पेटीजवळ येऊन बसली होती. "सोमवार धरला असंल तिनं." पण सोमवारचा तो उपास शुक्रवार आला तरी सुटेना, आणि नर तर आता तिला क्षणभर एका जागी उभं राहू देईना. आक्का बराच वेळ बघत राहिली. "बिचारीला बसाय जागा न्हाय. उठलं की ह्याचं तोंड, बसलं की ह्याचं तोंड." ती उठली, परसात गेली, फुटक्या माठाचं एक मोठं खापर धुऊन घेऊन आली आणि बाह्या सावरून तिनं ते पेटीच्या बरोब्बर मधे उभं केलं. पलीकडच्या कोपऱ्यात चार धोंडे रचले.

"सोबती कशाला हुडकतोस रे? हिला येगळी चूल दे. आपापल्या जागी दोघं सुखानं ऱ्हातील."

गिरिजाबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आक्का, मैंदर्गीच्या सुनेनं तरी दुसरं काय मागितलं होतं?"

आक्कानं पाण्यात हात घालून खापर आणखी घट्ट रोवलं. ती ओल्या हातांनी तशीच पेटीसमोर बसून राहिली.

खापरानं काम केलं. नराला मादी दिसेना आणि दिसेना म्हणून आठवेना. तरी तो कडेनं डोकावलाच, तर आक्का बोटाच्या पेरानं काचेवर टकटक करून त्याला माघारी धाडायची. दिवसभर ती तिथंच. त्यामुळे चटणीतल्या लसणाकडे बघायला घरात कुणालाच वेळ उरला नाही.

आणि एका संध्याकाळी, काही निरोप न देता, साहेब दारात हजर झाला. बरोबर हिंदुराव, आणि हिंदुरावाबरोबर मटण खाऊन खाऊन गोल झालेला कुत्रा. साहेब पेटीपाशी वाकला. मादी खापराआडून पुढे आली, तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडातून तिळाएवढी पिलं भुरुभुरु बाहेर पडली. साहेब श्वास रोखून बघत असतानाच कुत्रा भुंकला. मादीनं पुन्हा तोंड उघडलं आणि सगळी पिलं आत!

"खाल्ली!" गुरुसिद्धप्पा किंचाळला. "साहेब, पोरं खाल्ली तिनं! हमारे घर में सिर्फ भाकरी और शेंगा है साहेब! ये आदत इधर का नहीं!"

साहेबानं हात वर करून त्याला गप्प केलं. थोड्या वेळानं मादीनं पिलं पुन्हा बाहेर सोडली, सगळी धडधाकट. ती त्यांना तोंडात वाढवत होती. साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. "दो साल!" तो पुटपुटला. "किसने किया?"

"नशीब, साहेब," हिंदुराव मधेच म्हणाला.

"नशीब?" गुरुसिद्धप्पा उसळला. "कुत्र्याला मटण घालायला कसली अक्कल लागते हो?"

"मग मरळ रुमालात बांधायला लागते व्हय?"

"तुम्ही माझ्या घरात उभे आहात, हिंदुराव!"

"साहेब उभं हायेत म्हणून मी उभा हाय!"

दोघे नाकाला नाक लावून उभे राहिले. साहेब पेटीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागला. आक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "सायेब, एका जातीचे दोघं एका जागी ठेवायचे तर सोबत हुडकू न्हाई. मधे आडोसा उभा करावा. तोंड दिसलं न्हाय, की भांडन न्हाय."

मिलच्या विणकरांच्या संगतीनं साहेबाला एवढं मराठी कळत होतं. त्यानं खापराकडे बघितलं, मग या दोघांकडे बघितलं आणि खदखदून हसला. जाताना त्यानं पेटीबरोबर खापरही नेलं.

सकाळी आक्कानं गाठोडं बांधलं. "सुनेला येगळी चूल मांडून देते," ती म्हणाली. "माज्या हातानं देते." गिरिजाबाईनं तिच्याबरोबर शेंगाची चटणी दिली, लसूण हात सैल सोडून घातलेली, आणि "चार दिवस राहिला असतात की" म्हणताना तिचे डोळे खरोखरच भरून आले. आक्काला टांग्यात बसवून, नवा कोट चढवून, धुतलेला रुमाल बांधून गुरुसिद्धप्पा ताठ मानेनं हापिसात गेला. आज खुर्ची आपलीच, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

हेडक्लार्कच्या खोलीत एक नाही, दोन टेबलं होती. दोन खुर्च्या होत्या. आणि मधे दोन पट्टेवाले घामाघूम होऊन जुन्या कागदांचं अवजड लाकडी कपाट सरकवत होते.

"साहेबांचा हुकूम आहे," त्यातला एक म्हणाला. "या बाजूला तुम्ही, त्या बाजूला हिंदुराव. दोघंही हेडक्लार्क. खिडक्यासुद्धा दोन आहेत."

पट्टेवाले निघून गेले. गुरुसिद्धप्पा आपल्या खुर्चीवर बसला. खुर्ची चांगली होती, पण कपाट आणि भिंत यांच्यामधे दोन बोटं फट राहिली होती आणि तिच्यातून हिंदुरावाच्या फेट्याचं टोक दिसत होतं. ते बघूनच त्याचं डोकं भणभणायला लागलं. तो उठला आणि खांदा लावून कपाट रेटू लागला. कपाट जड होतं, ते हलायला नको होतं. पण ते हललं, कारण पलीकडून कुणीतरी कण्हत कण्हत ते त्याच बाजूला ओढत होतं. फट बुजली. दोघांनी मिळून केलेलं हापिसातलं हे पहिलंच काम होतं.