वीस भोपळ्यांची झिपरी

एका जंगलात, जिथे दर सोमवारी काही ना काही मोजलं जायचं, झिपरी नावाची अस्वलीण राहत होती. ती फार जाड होती. घळीपलीकडे तिची लेक राहायची. घळीवर सागाचा एक ओंडका आडवा टाकलेला होता. लेक बाळंत झाली तेव्हा झिपरी त्यावर चढली आणि ओंडका कडाडला. नातवंडं बघायची राहूनच गेली.

म्हणून मुलांनो, तिने करकोचा डॉक्टरांकडून पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोट लहान झालं. आता वाटीभर मध खाल्ला की पुरे व्हायचं.

पण जंगलात वजन-उतार समिती होती. अध्यक्ष हुप्पाजी वानर. ते म्हणाले, "मावशी, पंधरा भोपळ्यांच्या आत आलात की ओंडक्याचा दाखला मिळेल."

दगड उचलायला जड, म्हणून समितीने मापाला भोपळे घेतले होते. ते जपून ठेवायचं काम हुप्पाजींकडे होतं.

पहिल्या सोमवारी झिपरी तराजूत बसली. वीस भोपळे भरले. महिन्याने पुन्हा वीस.

"अहो, पण पाणवठ्याचा चढ मी न थांबता चढले," झिपरी म्हणाली.

"चढाची नोंद होत नाही."

"टाचेत कुसळ गेलं होतं, ते माझं मीच काढलं. चार वर्षांत टाच दिसली नव्हती हो मला!"

"टाचेचा रकाना नाही, मावशी."

शेजारची साळू साळिंदर हळहळली. "गाल बसले गं तुझे. पण भोपळे काही उतरेनात. लपूनछपून खातेस की काय?"

झिपरी लाजली. तिने वाटीचीही अर्धी वाटी केली. चालताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पुढच्या सोमवारी एकवीस भोपळे भरले.

"प्रगती उलटी," हुप्पाजींनी जाहीर केलं. सगळे च्‌च्‌ करू लागले. हुप्पाजी फांदीवर टेकले तर फांदी वाकली. तिकडे कोणी पाहिलं नाही.

झिपरीने रागाने एक भोपळा उचलला. तो भलताच हलका लागला. उलटा केला तर खाली भोक. आत ना गर, ना बी.

"हुप्पाजी, हा पोकळ आहे!"

"मोजताना आत बघायचं नसतं, मावशी," हुप्पाजी दाढ कोरत म्हणाले.

झिपरीने भोपळा खाली ठेवला. ती सरळ घळीकडे निघाली.

"थांबा! तुम्ही एकवीस भोपळ्यांच्या आहात! ओंडका मोडेल!"

झिपरीने पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग ती मोजायची थांबली. ओंडका कुरकुरलासुद्धा नाही. पलीकडे लेक उभी होती. दोन पिल्लं धावत आली आणि आजीच्या केसांत शिरली.

इकडे समितीची तातडीची सभा भरली. एकवीस भोपळ्यांखाली ओंडका मोडायलाच हवा होता. तो मोडला नाही, म्हणजे ओंडका खोटा. ठराव एकमताने झाला. ओंडका घळीत ढकलून देण्यात आला.

साळूने पलीकडे हाक मारली, "अगं, आता परत कशी येशील?"

झिपरीला ऐकू गेलं नसावं. ती पिल्लांमागे पळत होती.

तात्पर्य: पेशंट आणि माप यांचं जमलं नाही, तर पेशंट खोटा समजावा. मापाला बिचाऱ्याला तोंड नसतं. त्याच्या वतीने खाणारे मात्र असतात, त्यांचं मन दुखवू नये.